वर्षाच्या बोलीचे सभासद: मुंबई उपनगरांतील वर्गणीचा इतिहास

मुंबईच्या उपनगरांतील संस्थांचे सभासदत्व सहसा वर्षाच्या बोलीचे असते. १ एप्रिलला ते सुरू होते, ३१ मार्चला संपते, आणि पुढे चालू ठेवायचे तर वर्गणी भरून नवी पावती घ्यावी लागते. वाचनालय, जिमखाना, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळ्यांची रीत थोड्याफार फरकाने हीच. वर्गणी भरावी की यंदा सोडून द्यावे, हा विषय त्यामुळे अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या घरात वर्षातून एकदा तरी निघतो. उत्तर घरच्या हिशेबावर ठरते. पण या विषयाला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि कोणत्या संस्था टिकल्या व कोणत्या पाटीपुरत्या उरल्या याचा उलगडा बऱ्याच अंशी त्यातूनच होतो.

क्लब आधी शहरात आला. भायखळा क्लब १८३३ चा, बॉम्बे जिमखाना १८७५ चा; दोन्ही युरोपियनांचे. मग एतद्देशीयांनी आपापल्या जमातीचे जिमखाने काढले. पारशी जिमखाना १८८५ मध्ये निघाला, हिंदू जिमखाना १८९४ मध्ये, मुसलमानांचा इस्लाम जिमखानाही त्याच सुमारास. आणि हे तिन्ही आजच्या मरीन ड्राइव्हच्या कडेने एका ओळीत उभे राहिले. युरोपियन आणि हिंदी सभासद एकत्र बसू शकतील असा विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब व्हायला १९१७ साल उजाडावे लागले. अशा क्लबांत शिरण्यासाठी एका सभासदाने नाव सुचवायचे, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, मग गुप्त मतदान. विरुद्ध मते थोडी जरी पडली तरी अर्ज फेटाळला जाई. एकदा आत गेलेला माणूस सहसा आपण होऊन बाहेर पडत नसे. देणे थकल्याबद्दल फलकावर नाव लागणे ही मोठी नामुष्की समजली जाई. थोडक्यात, कोणाला घ्यायचे हे क्लब ठरवी. उपनगरांत हा निर्णय सभासदाच्या हाती आला. तिथे संस्थेला माणसे हवी होती, आणि दर वर्षी नव्याने हवी होती.

ही उपनगरे ज्यावर वसली त्या साष्टी बेटावरील मूळ गावांत असा प्रश्न कधी उद्भवलाच नव्हता. तिथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती, कोळी, आगरी कुटुंबांची सामाजिक घडी गावठाण, चर्च, देऊळ आणि जातपंचायत यांच्याभोवती बसलेली होती. माणूस जन्माने तिचा घटक होई आणि मरेपर्यंत राही. अर्ज-वर्गणीची भाषा या समाजालाही शहराशी संबंध वाढल्यावर उचलावी लागली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, स्थापन झालेले बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन हे त्याचे लवकरचे उदाहरण.

नवी वस्ती रेल्वेने आणली. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ मध्ये सुरू झाली आणि पश्चिमेकडे विरारपर्यंतची उपनगरी गाडी १८६७ मध्ये; तरी पुढची कित्येक वर्षे ही स्थानके भाताची शेते, मिठागरे आणि ताडामाडांच्या मधोमध उभी होती. १८९६ च्या प्लेगने शहरातल्या दाट चाळींची दहशत घातली. पहिल्या महायुद्धानंतर शहरातली भाडी आवाक्याबाहेर गेली. १९२० मध्ये वांद्र्याला मुख्यालय ठेवून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा करण्यात आला, आणि १९२८ च्या जानेवारीत विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली. गिरगावातून पार्ल्याला किंवा अंधेरीला बिऱ्हाड हलवणारा कारकून, शिक्षक, वकील अशा वेळी एक गोष्ट मागे टाकून येत होता: चाळ. चाळीत गणपती होता, भजनी मंडळ होते, सामाईक गॅलरी होती, आणि माणसांची गाठ मागितल्याशिवाय पडत होती. उपनगरातल्या बैठ्या घरांत आणि बंगल्यांत हवा होती, विहीर होती, अंगण होते. मात्र संध्याकाळी सहा-पस्तीसच्या गाडीने उतरल्यावर जायला जागा नव्हती. ती वर्गणी काढून उभारावी लागली.

या बाबतीत विलेपार्ले सर्वांत पुढे राहिले. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. पुढच्याच वर्षी पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. संघाची वास्तू ‘टिळक मंदिर’ म्हणून ओळखली जाते, आणि पार्लेकराला पूर्वेचा पत्ता सांगताना या नावाची मदत आजही घ्यावी लागते. ग्रंथालय, व्याख्याने, गाणे, नाटक, स्त्रियांचे उपक्रम अशी संघाची कामे एका छपराखाली वाढत गेली. पार्ल्यात बालपण गेलेल्या पु. ल. देशपांडे यांच्यासारख्यांची श्रोता म्हणून आणि मग वक्ता म्हणून जडणघडण याच वातावरणात झाली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याला सत्याग्रहींची छावणी पडली, तेव्हा हाकेला ओ देणारी संघटित वस्ती तिथे तयार होती. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाची जातकुळी हीच. गोरेगावात समाजवादी कार्यकर्ते केशव गोरे यांच्या १९५८ मधील निधनानंतर त्यांच्या नावाचे स्मारक उभे राहिले, आणि पुढे १९७२ मध्ये ‘प्रबोधन गोरेगाव’ने क्रीडास्पर्धा भरवत तरुणांना गोळा केले. विचारांचे रंग वेगळे असले तरी पावतीपुस्तक सगळीकडे सारखेच होते.

यांतल्या ग्रंथालयाकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण वार्षिक निर्णयाचा खरा सराव उपनगरी मराठी कुटुंबाला तिथेच झाला. महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे १८२८ चे, पुण्याचे १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. या शेवटच्या संस्थेने शाखा काढून ग्रंथ वाचकाजवळ नेले. उपनगरांतल्या वाचनालयांनी या जुन्या संस्थांकडून जी पद्धत घेतली तिचे दोन भाग होते. एक अनामत, म्हणजे सोडताना परत मिळणारी रक्कम. दुसरी वर्गणी, जी परत मिळत नाही. एका वेळी किती पुस्तके मिळणार, नवी कादंबरी मिळणार की नुसती जुनीच, मासिके घरी नेता येणार की नाही, यांवरून सभासदांचे वर्ग पडत. वर्गणी महिन्याची असली तरी तीन किंवा सहा महिन्यांची आगाऊ घेण्याकडे ग्रंथपालाचा कल असे, कारण महिन्याच्या महिन्याला वसूल करायची तर पायपीट वर्गणीपेक्षा महाग पडे.

वसुलीला माणूस घरी येई, तो बहुधा पहिल्या आठवड्यात. पगाराचे पैसे तेव्हाच घरात असत. त्याच्या हातात जोडपावत्यांचे पुस्तक, मध्ये कार्बन कागद, कानाला पेन्सिल. दारात उभ्याउभ्याच दोन गोष्टी व्हायच्या: मागच्या महिन्यात अडकून राहिलेल्या पुस्तकाची चौकशी आणि पैसे. ‘यंदा मुलांची परीक्षा आहे, दोन महिने थांबवा,’ असे म्हणता येई आणि ते मानले जाई. नाव कापण्याची घाई कोणाला नसे. थकबाकीदाराला पुस्तक मिळत नसे, पण वर्तमानपत्राच्या टेबलापाशी बसायला त्याला कोणी मनाई करीत नसे. या ढिलाईमुळे संस्थेचे नुकसान होई. लोकसंग्रहही तिनेच होई.

वर्षात एक वेळ मात्र अशी येई की सोडून गेलेले परत येत. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, त्यापासून मराठीत दिवाळी अंकांची प्रथा रुळली आणि अंकांची संख्या एका कुटुंबाच्या खिशाबाहेर गेली. वाचनालयांनी यावर दिवाळी अंक योजना काढली: एकरकमी शुल्क भरा आणि पुढचे काही महिने पाळीपाळीने सगळे अंक वाचा. योजनेसाठी नाव घालणारा सभासद अंक संपल्यावर राहतो की जातो, याकडे प्रत्येक ग्रंथपालाचे लक्ष असते. बरेच जातात. काही राहतात, आणि नव्या नावांची भरती मुख्यतः त्यांच्यातूनच होते. मार्चमध्ये पाठवलेल्या स्मरणपत्रापेक्षा ऑक्टोबरात दारावर लावलेला अंकांच्या यादीचा फलक अधिक कामाला येतो, हे वाचनालये अनुभवाने शिकली.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने या व्यवहाराला दुसरी बाजू जोडली. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग झाले आणि अनुदान वर्गानुसार ठरू लागले. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, नियतकालिके, जागा, सेवक यांच्याबरोबर सभासदसंख्याही पाहिली जाते. म्हणजे चालू सभासद हा वर्गणीपुरता उपयोगी न राहता अनुदानाच्या पात्रतेचाही भाग झाला. वर्गणी फार वाढवली तर माणसे जातात आणि संख्या घटते. न वाढवली तर सेवकांचा पगार निघत नाही. उपनगरांतल्या ग्रंथालयांची वर्गणी वर्षानुवर्षे एका कप चहाच्या दराशी झुंजत राहिली, त्याचे एक कारण या पेचात आहे.

कायद्याच्या दृष्टीने या संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली अशा दुहेरी नोंदलेल्या असतात. पहिल्या कायद्याचे कलम १५ थोडक्या शब्दांत फार महत्त्वाचे सांगते: ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ थकली आहे त्याला मत देण्याचा हक्क नाही आणि सभासदांच्या मोजणीत तो धरला जाणार नाही. नेहमीच्या दिवसांत हे कलम कोणाच्या ध्यानात नसते. कार्यकारिणीच्या निवडणुकीला दोन पॅनेल उभी राहिली की ते एकदम जागे होते. एप्रिल-मेमध्ये न फिरकलेले सभासद अचानक थकबाकी भरायला येतात, कोणाची पावती कोणत्या तारखेची यावर वाद होतो, आणि निकालानंतर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नवी कार्यकारिणी नोंदवण्याच्या बदल अर्जाला हरकत घेतली जाते. उपनगरांतल्या कितीतरी संस्थांच्या भांडणांचे मूळ तत्त्वात नसते, मतदारयादीत असते.

यादी कायमची करण्याचा उपाय म्हणून आजीव सभासदत्व लोकप्रिय झाले. इमारत बांधायची आहे, निधी कमी पडतो आहे, तेव्हा एकदाच मोठी रक्कम घ्या आणि जन्मभराची वर्गणी माफ करा. १९६० ते १९९० या काळात, विशेषतः १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ मध्ये बोरिवली-मुलुंड बृहन्मुंबईत आल्यानंतर वस्ती झपाट्याने वाढत असताना, हा मार्ग सोयीचा होता. सभासदालाही तो पसंत पडला. दर वर्षीचा प्रश्न एकदाचा मिटला. संस्थेने मात्र यात घाट्याचा सौदा केला, असे मागे वळून पाहता म्हणावे लागते. समजा, एखाद्याने १९८० मध्ये ५०० रुपये भरले आणि संस्थेने ते १० टक्क्यांनी मुदत ठेवीत गुंतवले. वर्षाला ५० रुपये सुटले, आणि तेव्हा तेवढ्यात एका माणसाचा ग्रंथालयाचा खर्च भागला असेल. आज त्याच ठेवीवर सहा-सात टक्क्यांनी ३० ते ३५ रुपये येतात. सभासद तोच, पुस्तके तीच मागतो, आणि एका नव्या कादंबरीची किंमत त्याच्या मूळ ५०० च्या आसपास असते. त्यातही ठेव शाबूत असली तर; पुष्कळ ठिकाणी ती इमारतीच्या विटांत गेली.

पैशांहून मोठे नुकसान निराळे होते. वार्षिक वर्गणी ही सभासदाने संस्थेच्या कामावर दिलेली शेरापत्रिका असते. कार्यक्रम निकृष्ट झाले, पुस्तके जुनी पडली, की मार्चअखेरीस रोकड घटते आणि कार्यकारिणीला ते समजते. आजीव सभासद नाराज झाला तरी यादीत राहतो. त्याने येणे बंद केले, मुलाकडे पुण्याला किंवा अमेरिकेला गेला, वारला, तरी खूप वेळा नाव तसेच असते. मग वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेत आधीच एक ओळ छापली जाते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल व त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही. हजारभर नावांच्या संस्थेत चाळीस माणसे अर्धा तास चहा पितात आणि मग ताळेबंद मंजूर करतात. ही ओळ पूर्ण कायदेशीर आहे. ज्या संस्थांनी आजीव सभासद घेऊनही वार्षिक देखभाल शुल्क लावण्याचा प्रयत्न केला, त्यांना ‘आजीव म्हणजे काय मग?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागले, आणि प्रश्न चुकीचा नव्हता.

सेवा क्लबांनी हा धोका वेगळ्या वाटेने टाळला. रोटरी क्लब मुंबईत १९२९ मध्ये आला, लायन्स १९५६ मध्ये. नाना चुडासामा यांनी मुंबईतच जायंट्‌स ही संस्था १९७२ मध्ये सुरू केली. उपनगरांत या क्लबांच्या शाखा स्थानकागणिक निघाल्या. डॉक्टर, बिल्डर, सनदी लेखापाल, दुकानमालक हा त्यांचा वर्ग. रोटरीचे आणि लायन्सचे वर्ष १ जुलैला सुरू होते, म्हणून इथला विचार जूनमध्ये व्हायचा. रोटरीची शिस्त नुसत्या पैशांची नव्हती. जुन्या नियमांप्रमाणे सलग चार बैठका बुडवल्या की सभासदत्व जात असे, आणि वर्षभरात ठरावीक प्रमाणात हजेरी लागे. दुसऱ्या गावच्या क्लबात बसून बुडालेली हजेरी भरून काढण्याची सोयही होती. इथे राहावे की सोडावे याचा हिशेब वर्गणी, दर बैठकीचे जेवण, प्रकल्पांची देणगी आणि धंद्यातल्या ओळखी असा चौपदरी असे. ओळखी हा त्यातला न बोललेला भाग. स्त्रियांना रोटरीने १९८९ मध्ये प्रवेश दिला. तोवर सभासदांच्या पत्नींसाठी वेगळे क्लब होते, आणि उपनगरी मध्यमवर्गीय स्त्रीची संघटना म्हणजे मुख्यतः महिला मंडळ: महिन्याची सभा, हळदीकुंकू, पाककृती स्पर्धा, भिशी, आणि वर्गणी घरखर्चातून वाचवलेली. महिला मंडळांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पदाधिकाऱ्यांची नावे नोंदवली. मंडळ सोडायचे की नाही हे कोणाला विचारून ठरे, ते फारसे लिहिले गेले नाही.

जिमखाना हा उपनगरात जरा वरच्या दर्जाचा मामला. मैदान सरकारी किंवा महापालिकेच्या मालकीचे, भाडेपट्ट्याने मिळालेले. आत टेनिस, बॅडमिंटन, कॅरम, पत्त्यांची खोली, उपाहारगृह आणि परवाना असेल तर मद्य. पत्त्यांच्या खोलीला १९६७ मध्ये मोठा दिलासा मिळाला. सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सांगितले आणि क्लबाने बसण्याचे शुल्क घेतल्याने तो जुगाराचा अड्डा ठरत नाही असा निर्वाळा दिला. दुपारी तीन ते सातची रमी हा अनेक निवृत्तांच्या दृष्टीने वर्गणीचा खरा मोबदला आहे, आणि पोहण्याचा तलाव बंद पडला तरी त्यांचे नूतनीकरण चुकत नाही. जमिनींचे भाव चढले तशी प्रवेश फी लाखांत गेली. मग वार्षिक शुल्क भरायचे की नाही हा विचार उलट्या दिशेने होऊ लागला: वापर होवो न होवो, आता सोडले तर पुन्हा आत येणे परवडणार नाही.

सर्वसामान्यांसाठी महापालिकेने दुसरी सोय केली. अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल १९८८ मध्ये झाले. मुलुंडला प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडा संकुल आणि त्याला लागून महाकवी कालिदास नाट्यमंदिर आले. दोन्ही संकुले महापालिकेने स्थापलेल्या प्रतिष्ठानाकडून चालवली जातात. १९९१ नंतर खासगी क्लबांची लाट आली: मोठी ठेव, पंचवीस वर्षांचे कार्ड, लोणावळ्याला फुकट दोन रात्री. त्यांतले काही चालले, काही ठेवीदारांना ग्राहक मंचाची पायरी दाखवून गेले. मोकळी मैदाने खासगी संस्थांना सांभाळायला देण्याचा वादही याच काळातला. सार्वजनिक मैदानावर कुंपण घालून सभासदत्व विकणे योग्य की अयोग्य, यावर महापालिकेचे धोरण अनेकदा बदलले. जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झालेल्या धोरणाला मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. याच काळात मुंबई क्रिकेट असोसिएशनने कांदिवलीला उभारलेल्या क्लबाला २०१३ मध्ये सचिन तेंडुलकरचे नाव मिळाले.

या साऱ्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अंधेरीनेच एक नमुना जगाला दिला. १३ मार्च १९९५ रोजी सकाळी लोखंडवाला संकुलाच्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी चार-पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. आरंभी वर्तुळात उभे राहून पाळीपाळीने विनोद सांगायचे. दोनेक आठवड्यांत विनोद संपले. उरले ते चावट किंवा कोणाच्या तरी मनाला लागणारे, आणि बायकांनी तक्रार केली. तेव्हा विनोदच वगळला. हात वर, ‘हो हो, हा हा’चा टाळ्यांसह ठेका, मग दीर्घ श्वास, मग नमस्काराचे हसू, मग आवाज न करता हसणे, असा अर्ध्या तासाचा क्रम बसला, आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाहिले की खोटे हसू खरे होते हे ध्यानात आले. १९९८ च्या जानेवारीत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पहिला जागतिक हास्य दिन झाला आणि पुढे ही चळवळ कित्येक देशांत गेली. हास्य क्लबाला वर्गणी नाही, अर्ज नाही, पावती नाही. जो सकाळी येतो तो सभासद. चार दिवस दिसला नाही तर फोन जातो. नूतनीकरण इथे रोज पहाटे होते आणि म्हणून कोणाला तसे म्हणावेसे वाटत नाही.

हास्य क्लबाला बागेत शेजार मिळाला तो ज्येष्ठ नागरिक संघांचा. राज्यातल्या अशा संघांचा महासंघ, फेस्कॉम, १९८० पासून काम करतो, आणि मुलुंड, बोरिवली, घाटकोपर, पार्ले इथे बहुतेक प्रत्येक वॉर्डात संघ आहे. वय साठ पूर्ण, वर्गणी परवडेल इतकी. विरंगुळा केंद्रातल्या फळ्यावर एका बाजूला त्या महिन्याचे वाढदिवस, दुसऱ्या बाजूला सहलीची तारीख आणि आरोग्य तपासणीचे शिबिर. फेब्रुवारीतली सहल चालू वर्षाची वर्गणी भरलेल्यांनाच, एवढा एक नियम वसुलीचे निम्मे काम करून टाकतो. सोडणारे पैशांसाठी सोडत नाहीत. उपनगर रेल्वेमार्गाने पूर्व आणि पश्चिम असे दुभंगलेले आहे. केंद्र पलीकडे असेल तर मधला पूल चढवेनासा झाला की नाव आपोआप गळते. हीच गोष्ट वाचनालयांनाही लागू आहे, आणि म्हणूनच काहींनी पुस्तके घरपोच द्यायला सुरुवात केली.

टॉवरच्या क्लबहाउसने हा सारा विचारच बाद केला. विकास नियंत्रण नियमावलीत गृहसंकुलातल्या फिटनेस सेंटरला मर्यादित प्रमाणात चटईक्षेत्राची सवलत मिळाली, पुनर्विकासाने जुन्या तीनमजली सोसायट्यांच्या जागी वीस-तीस मजले चढले, आणि व्यायामशाळा, तलाव, पत्त्यांची खोली मेंटेनन्सच्या बिलातच आली. ते बिल न भरण्याची मुभा नसते. पोहता न येणाराही तलावाचे पैसे देतो, आणि सोडायचे तर घर विकावे लागते. करआकारणीनेही हा फरक वाढवला. सभासदांनी आपल्याच क्लबाला दिलेले पैसे म्हणजे विक्री नव्हे, हे जुने तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने कलकत्ता क्लबाच्या खटल्यात २०१९ मध्ये उचलून धरले. तो खटला जुन्या करांचा होता, आणि २०२१ च्या वित्त कायद्याने वस्तू व सेवा कराच्या बाबतीत ते तत्त्व १ जुलै २०१७ पासून मागे जाऊन पुसले. त्यामुळे क्लबाच्या शुल्कावर १८ टक्के कर लागतो. सोसायटीच्या मेंटेनन्सला दरमहा ७,५०० रुपयांपर्यंत सूट आहे, आणि साहित्य, कला, क्रीडा, समाजकल्याण यांसाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थांची वर्षाला सभासदामागे १,००० रुपयांपर्यंतची वर्गणी करमुक्त आहे. वाचनालये आणि ज्येष्ठांचे संघ या मर्यादेत सहज बसतात.

पुनर्विकासाचा आणखी एक परिणाम वाचनालयांच्या वह्यांत दिसतो. सोसायटी रिकामी होते तेव्हा तिथली कुटुंबे तीन-चार वर्षांसाठी भाड्याने दुसरीकडे जातात आणि एका इमारतीचे सगळे सभासद एकदम थांबतात. परत आल्यावर त्यांतले किती पुन्हा नाव घालतात हे वाचनालयाला आधी सांगता येत नाही, कारण मधल्या काळात वाचनाची वेळ मोबाइलने घेतलेली असते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हा प्रकार साऱ्या उपनगरात एकाच वेळी घडला. नेमके वर्गणीच्या हंगामात दरवाजे बंद झाले, ऑक्टोबरच्या मध्यावर ग्रंथालये उघडायला परवानगी मिळाली, आणि साठीपुढचे वाचक त्यानंतरही बरेच दिवस घराबाहेर पडले नाहीत. बंद राहिलेल्या महिन्यांची वर्गणी मागायची का, हा प्रश्न कार्यकारिणींपुढे होता. काहींनी मुदत वाढवून दिली, काहींनी देणगी म्हणून मागितली.

सभासदत्व संपण्याचे घटनेत दिलेले प्रकार सहसा चार: राजीनामा, मृत्यू, थकबाकी आणि शिस्तभंग. शिस्तभंगाची प्रकरणे गाजतात पण मोजकी असतात. राजीनाम्याचे पत्र तर उपनगरी वाचनालयात क्वचितच येते. माणूस शेवटचे पुस्तक परत करतो, पुढच्या महिन्यापासून येत नाही, आणि अनामत न्यायचे त्याच्या लक्षात नसते किंवा तेवढ्या रकमेसाठी मागायला संकोच वाटतो. संस्थेला ती रक्कम आपली म्हणून वापरता येत नाही. दर वर्षी सनदी लेखापाल ताळेबंदाच्या देणी बाजूला ‘सभासद अनामत’ या नावाखाली ती पुन्हा मांडतो. त्या बेरजेत वीस, पन्नास, शंभर रुपयांच्या नोंदी असतात, आणि त्यांतल्या कित्येकांचे धनी कोणत्या इमारतीत राहत होते हे सांगणारी इमारतही आता जागेवर नाही.